काय ध्यान आहे! योगसूत्रातले शब्द आपल्याच घरातले, अर्थ तेवढा सरकलाय

लहानपणी केस विस्कटलेले, फ्रॉकचा पट्टा लोंबतोय अशा अवतारात मी दारात उभी राहिले की आई म्हणायची, "काय ध्यान आहे!" त्यामुळे तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या हॉलमधला योगाचा क्लास लावला आणि पहिल्याच दिवशी क्लासच्या बाई म्हणाल्या "डोळे मिटा, आता ध्यान", तेव्हा मी आणि शेजारच्या मॅटवरची, दोघी चाळिशी ओलांडलेल्या बायका, शाळेतल्या पोरींसारख्या फिसकन हसलो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हसा, पण घरी जाऊन बघा हा शब्द आपल्याकडे असा का झाला ते.

बघायला गेले तर मजा आहे. विटेवरच्या विठोबाच्या रूपालाही आपण ध्यानच म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर मन लावून बसायचं ते रूप, आणि त्याच शब्दाची थट्टा होत होत तो दारातल्या माझ्यापर्यंत आला. मग मी नादच घेतला. तप, आसन, अभ्यास, वैराग्य, उपेक्षा, विकल्प, समाधी. पतंजलीच्या योगसूत्रातले हे सगळे शब्द आपण मराठीत रोज वापरतो पण प्रत्येकाचा अर्थ थोडा थोडा सरकलाय, आणि माझं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात योग आणायचा म्हणजे काय हे आपल्याला कळत नाही त्याचं अर्धं कारण हेच आहे. आपल्याला वाटतं शब्द ओळखीचा आहे म्हणजे गोष्ट माहितीय.

आधी थोडक्यात पुस्तकाबद्दल. योगसूत्र फार छोटं आहे, १९५ सूत्रं (काही प्रतींत १९६), चार भाग, आणि बरीचशी सूत्रं चार-सहा शब्दांची. एवढ्या छोट्या सूत्रांवर व्यासभाष्य नावाची जुनी टीका आहे, तिच्याशिवाय बरंचसं डोक्यावरून जातं. आता गंमत बघा, या १९५ पैकी आसनावर किती सूत्रं असतील? तीन. त्यात एकाही आसनाचं नाव नाही. भुजंगासन नाही, सूर्यनमस्कार तर नाहीच नाही. आपल्याकडे सूर्यनमस्कार घरोघरी पोचवण्यात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा हात, म्हणजे ही विसाव्या शतकातली गोष्ट. साधारण पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिका या ग्रंथातसुद्धा आसनं १५च सांगितलीत. त्यामुळे "मला पाय डोक्यामागे नेता येत नाही, मला कुठला योगा जमतोय" असं जे लोक म्हणतात त्यांनी निवांत राहावं, पतंजलीने ते मागितलेलंच नाही.

आसनाबद्दल तो म्हणतो "स्थिरसुखमासनम्". स्थिर पण पाहिजे आणि सुखाचं पण पाहिजे. पुढच्या सूत्रात ते कसं साधायचं तेही सांगतो, प्रयत्न सैल सोडून. हा मुद्दा मला वाचून कळला नाही, सिंकपाशी कळला. बाईंनी एकदा अख्खा अर्धा तास फक्त ताडासन घेतलं, म्हणजे नुसतं सरळ उभं राहायचं, आणि विचारत होत्या वजन कुठे पडतंय, टाचेवर की चवड्यावर, डाव्या पायावर की उजव्या. आम्ही कंटाळलो. शेवटी म्हणाल्या, "बाहेर जा आणि आपापली चप्पल उलटी करून बघा." माझी उजवी चप्पल टाचेच्या बाहेरच्या कडेला अशी तिरकी झिजलेली की गुळाच्या ढेपेची कड खरवडल्यासारखी, डावी मात्र जवळजवळ नवी. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी भांडी घासताना, लाइनीत, लिफ्टपाशी सगळीकडे उजव्या पायावर कलून उभी राहतेय आणि वर म्हणतेय की कंबर का दुखते कळत नाही बाई.

तेव्हापासून रात्रीची भांडी हे माझं आसन. दोन्ही पायांवर सारखं वजन, गुडघे ताणायचे नाहीत, आणि मग मुख्य काम म्हणजे उगाच लावलेला जोर शोधायचा. तुम्ही पण बघा आज. कढई घासायला हाताला जोर लागतो हे ठीक आहे, पण दात कशाला आवळलेले असतात? खांदे कानाला कशाला टेकलेले असतात? त्यांचा कढईशी काय संबंध? ते सैल सोडलं की झालं सूत्रातलं प्रयत्नशैथिल्य. पुण्यात १९३७ साली आलेले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार खुर्च्या, पट्टे, दोऱ्या, घोंगड्या वापरून आसनं शिकवायचे, त्याला काही लोक हसायचे म्हणे, पण त्यामागचा विचार साधा आहे, शरीराला टेकू मिळाला की फालतू धडपड थांबते आणि मग माणूस आसनात राहू शकतो. ऑफिसच्या खुर्चीत कमरेमागे घडी केलेली ओढणी ठेवून बघा, पटेल.

आता मुख्य व्याख्या. "योगश्चित्तवृत्तिनिरोधः", म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबवणं म्हणजे योग. निरोध म्हटलं की आमच्या पिढीला सरकारी जाहिरातीतला लाल त्रिकोण आठवतो, तिथे क्लासमध्ये परत एकदा हशा झाला ते सोडा. मराठीत वृत्ती म्हणजे स्वभाव, "त्याची वृत्तीच तशी". इथे वृत्ती म्हणजे मनाचं फिरणं, मनात उठणारी एकेक हालचाल, आणि पतंजली त्याचे पाच प्रकार करतो: खरं ज्ञान, चुकीचं ज्ञान, विकल्प, झोप आणि आठवण. खरं ज्ञान पण वृत्तीच आणि झोप पण वृत्तीच, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, म्हणजे ही पाचांची विभागणी चांगले विचार-वाईट विचार अशी नाहीये.

यातला विकल्प हा माझा लाडका. मराठीत विकल्प म्हणजे पर्याय, नाहीतर "मनात विकल्प आला" म्हणजे शंका. सूत्रात विकल्प म्हणजे ज्याच्यामागे वस्तूच नाही असं, नुसत्या शब्दांच्या जोरावर उभं राहिलेलं ज्ञान. उदाहरण देते. मागच्या दिवाळीत मी नणंदेला फराळाचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तासाभरात माझ्या डोक्यात अख्खी मालिका तयार, की चकल्या जरा काळपट दिसतायत म्हणून तिने सासूबाईंना फॉरवर्ड केला असेल, त्या दोघी हसल्या असतील, आणि गेल्या वर्षी पण तिने असंच केलेलं, आणि मुळात लग्नातच... संध्याकाळी तिचा फोन, "अगं वहिनी, मुलाने फोन घेतला होता गेम खेळायला, मी आत्ता बघतेय, चकल्या भारी दिसतायत." दोन टिका एवढीच वस्तू होती, बाकी सगळा विकल्प. आता अशी मालिका सुरू झाली की मी मनात फक्त नाव देते, "हा विकल्प". मालिका लगेच बंद पडते असं काही नाही. पण पुढचा एपिसोड बघायचा की नाही हे तरी आपल्या हातात येतं.

हा निरोध कसा होतो, तर "अभ्यासवैराग्याभ्याम्". अभ्यास म्हटलं की आपल्याला गृहपाठ आणि दहावीचं वर्ष आठवतं, आणि वैराग्य म्हटलं की भगवी कफनी. सूत्रातला अभ्यास म्हणजे तिथे टिकून राहायचा प्रयत्न, बास. आणि तो पक्का कधी होतो, तर खूप काळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर. तिसरी अट लोक विसरतात. मी स्वतः सहा महिने मॅटवर बसून मनात भाजीचे हिशोब करत होते आणि वर "माझा एकही दिवस चुकला नाही" म्हणून मिरवत होते. त्यापेक्षा दहा मिनिटं नीट केलेलं बरं. अर्धा तास, एक तास असले आकडे पतंजली देत नाही.

वैराग्याचा आपल्या भाषेतला एक झकास प्रकार म्हणजे स्मशानवैराग्य. कुणाला पोचवून आलं की दोन दिवस वाटतं काय ठेवलंय या सगळ्यात, आणि तेराव्याच्या जेवणाला श्रीखंड की बासुंदी यावर वाद सुरू. पतंजलीला हे चालत नाही. त्याच्या व्याख्येत पाहिलेल्या आणि ऐकलेल्या दोन्ही विषयांची तहान सुटणं आणि ती आपल्या ताब्यात असणं आहे, म्हणजे वस्तू समोर असताना. सेलचं नोटिफिकेशन आलं, बघितलं, आणि बोट तिकडे गेलं नाही, हे वैराग्य. दुकानच बंद असलं तर त्यात काय विशेष.

तपाची गोष्ट याहून मजेची. मराठीत एक तप म्हणजे १२ वर्षं. "इथे राहायला येऊन एक तप झालं." त्यामुळे डोळ्यासमोर येतात ते ऋषी आणि अंगावर वाढलेलं वारूळ. व्यासभाष्यात तपाचा अर्थ दिलाय द्वंद्वं सहन करणं, आणि द्वंद्वं कुठली तर भूक आणि तहान, थंडी आणि ऊन, आणि पुढे, नीट वाचा, उभं राहणं आणि बसणं. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून हसत सुटले, कारण डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या बाईला उभं राहणं आणि बसणं हे द्वंद्व आहे हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. लेडीज डब्यात चढल्या चढल्या पहिला प्रश्न "कुठे उतरणार?", मग ठाण्याला उतरणारी सापडली की तिची सीट आपल्या नावावर, मग कुणी मध्येच बसली की भांडण, आणि चौथी सीट मिळाली तर अर्धं अंग बाहेर लटकलेलं तरी आपण जिंकल्यासारखं. मी आता सीट मिळाली तर बसते, मिळाली नाही तर ताडासन. सोडून वगैरे काही दिलेलं नाही, विचारते मी पण कुठे उतरणार. फक्त न मिळाल्यावर घाटकोपरपर्यंत जी धुमसायचे ते कमी झालंय. याच यादीत पुढे मौनाचे दोन प्रकार पण आहेत, काष्ठमौन म्हणजे खुणेनेसुद्धा काही सांगायचं नाही आणि आकारमौन म्हणजे तोंड बंद पण खुणा चालू. घरात नवरा-बायकोचं वाजलं की जेवणाचं ताट ज्या आवाजात टेबलावर येतं ते आकारमौनच म्हणायला हवं, तप म्हणून मात्र बहुतेक धरणार नाहीत.

यम-नियम, म्हणजे योगातले वागण्याचे नियम, तर सगळ्यांना पाठ असतात, अहिंसा सत्य अस्तेय वगैरे, त्यामुळे सगळं सांगत नाही. दोन गोष्टी तेवढ्या. एक म्हणजे सत्य. आपल्यात "मी बाबा तोंडावर बोलते, मनात काही ठेवत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या खूप. व्यासभाष्य सांगतं की बोलणं लोकांच्या भल्यासाठी असायला हवं, आणि बोलल्याने फक्त इजाच होणार असेल तर ते सत्य नव्हेच. बाकीचे यम अहिंसेच्या मुळावर उभे आहेत असं तिथे म्हटलंय. म्हणजे जाऊबाईंना "किती जाड झालीस गं" हे खरं असलं तरी सत्य नाही. दुसरी गोष्ट स्वाध्याय. हल्ली याचा अर्थ आत्मपरीक्षण, डायरी लिहिणं असा सांगतात, वाईट काही नाही त्यात, पण भाष्यातला अर्थ मोक्षशास्त्र वाचणं किंवा ओंकाराचा जप. आमची आजी दुपारी चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून ज्ञानेश्वरी घेऊन बसायची आणि आम्ही तिला म्हणायचो आजी तू पण योगा कर गं, गुडघे सुटतील!

आता उपेक्षा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. पहिल्या भागातलं ३३वं सूत्र आहे, त्यात चार जोड्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, ज्याला तो मुदिता म्हणतो, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. असं केलं की चित्तप्रसादन होतं. आपल्याकडे प्रसाद म्हणजे एकतर शिरा नाहीतर पाठीत धपाटे. इथे प्रसाद म्हणजे निवळणं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवायची आणि थोड्या वेळाने गाळ खाली बसून वरचं पाणी स्वच्छ, तसं. ही चार म्हणजे मनाची तुरटी.

करुणा आपल्याला जमते, कुणी आजारी पडलं की डबा घेऊन आपण हजर. मैत्रीपाशी घोडं अडतं, कारण ती सुखी माणसाशी करायचीय. शेजारच्यांनी टू बीएचके घेतला की आपल्या पोटात दुखतं, भाषेनेच कबूल केलंय ते. आणि मुदिता? आमच्या सोसायटीत एक काका रोज सकाळी सगळ्या झाडांना पाणी घालतात, स्वतःच्या पैशाने खत आणतात. त्यांच्याबद्दल कौतुकाचा शब्द काढण्याआधी आमच्या तोंडून काय निघतं, "त्यांना काय, रिटायर आहेत, वेळच वेळ."

तर उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हणजे हिडीसफिडीस, दुर्लक्ष, "लेखकाची उपेक्षा झाली". पण शब्द फोडला तर उप आणि ईक्षा, जवळून पण बाजूला राहून बघणं. आमच्याच इमारतीत एक गृहस्थ आहेत, स्कूटर नेमकी मीटरच्या खोलीच्या दारात लावतात आणि कुणी काही बोललं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा एवढा लांब मेसेज, त्यात चार वर्षांपूर्वीची पाण्याची टाकी पण येते. एकदा रात्री अकराला मी उत्तर लिहायला बसले. चार परिच्छेद झाले, मुद्देसूद, त्यांच्या प्रत्येक वाक्याला टोला. पाठवणार तेवढ्यात लक्षात आलं की माझा हात थंड पडलाय, छाती धडधडतेय आणि ते गृहस्थ वर तिसऱ्या मजल्यावर बहुतेक घोरतायत. सगळं पुसलं. सकाळी सेक्रेटरींना तीन ओळींचं पत्र दिलं, मीटरखोलीचं दार मोकळं हवं, आग लागली तर काय.

म्हणजे उपेक्षा म्हणजे अन्याय सहन करा असं अजिबात नाही, हे मला ठासून सांगायचंय कारण आपल्याकडे बायकांना असला सल्ला फार दिला जातो, सोडून दे, तू शहाणी. जिथे मारहाण आहे, फसवणूक आहे तिथे तक्रार करायची, उठून जायचं, कायदा आहे. उपेक्षा आहे ती त्यानंतरच्या उकळण्याला, आंघोळ करताना मनात चाललेल्या त्या भाषणाला. पतंजली हे त्या गृहस्थांच्या भल्यासाठी सांगत नाहीये, तुमचं पाणी गढूळ राहू नये म्हणून सांगतोय. स्कूटर अजून तिथेच असते अधूनमधून.

प्राणायामाचं थोडक्यात. आपण लांबचा वळसा घेतला की त्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो, आणि यूट्यूबवर बघून लोक तसाच करतात, एकदम कुंभक म्हणजे श्वास कोंडणं, एकदम जोरात भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा श्वास. पतंजलीने वरच्या चार जोड्यांनंतर लगेच सोपा उपाय दिलाय, श्वास बाहेर सोडणं आणि थोपवणं. त्यातला सोडण्याचा भाग कुणालाही जमतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात, व्हेगस नावाच्या नसेचं काम असतं ते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर शांत व्हायला लागतं. नाकाने चार आकडे घ्या, सहा-सात आकडे सोडा, पाच-सहा वेळा, फोन उचलायच्या आधी, दार उघडायच्या आधी. चक्कर आली तर थांबा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास कोंडून ठेवायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि समोर शिकवणारा असल्याशिवाय करू नका, आणि काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनाच्या नादी लागू नये.

आणि हे सगळं बंद का पडतं, तेही लिहून ठेवलंय. नऊ अंतराय, म्हणजे अडथळे. आजारपण, मनाचा कामाला नकार, संशय, प्रमाद, आळस, वगैरे. मराठीत प्रमाद म्हणजे मोठी चूक, इथे मात्र नुसतं हयगय करणं. यादीतले शेवटचे दोन वाचून तर मला ओळखलंय असंच वाटलं, पायरी गाठताच न येणं आणि गाठली तरी तिथे टिकता न येणं. आमच्या क्लासला जानेवारीत तीस बायका होत्या, मार्चला अकरा, मेमध्ये मुलांच्या सुट्ट्या लागल्यावर चार. मी पण मेमध्ये नव्हते.

या अंतरायांबरोबर काय काय येतं त्याची यादी पुढच्या सूत्रात आहे, दुःख, उदासी, अस्ताव्यस्त श्वास, आणि एक शब्द आहे अंगमेजयत्व, म्हणजे अंग हलत राहणं. आजी ओरडायची, "पाय हलवत बसू नको, लक्ष्मी जाते." मी अकाउंट्सला आहे. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची मुदत असते आणि टेबलाखाली माझा उजवा पाय शिलाई मशीनसारखा चालू असतो, इतकी वर्षं मला ते माहीतच नव्हतं, शेजारच्या टेबलवाल्याला माहीत होतं कारण त्याचा मॉनिटर हलायचा. अजूनही हलतो पाय. आता मध्येच कधीतरी कळतं की हलतोय. मग टाच जमिनीला टेकवते, एक लांब श्वास सोडते आणि पुढची एंट्री टाकते.